धापा टाकणारा टपालवाला

माझ्या वाचनालयाचा नियम एकच. वाचलेल्या पुस्तकाबद्दल मत दिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नाही. "छान होतं" एवढ्यावर मी कुणाला सोडत नाही. छान म्हणजे नेमकं काय छान? खून छान की खुनी छान? एकदा एक जण वैतागून म्हणाला, "ताई, मी पुस्तक न्यायला आलोय की परीक्षेला बसलोय?" मी म्हटलं, "परीक्षेत कॉपी तरी करता येते, इथे तीही सोय नाही." फटकळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी फुकटात मिळवलेली नाही. पण मतं लागतातच हो मला. माझ्या खोलीच्या बरोबर वर दातांचा दवाखाना आहे. वरचं मशीन घुरघुरायला लागलं की खाली माझ्याकडे नंबर लावून बसलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो. त्याच्या हातात कोणतं पुस्तक ठेवलं की तो दाढ विसरेल, हे मला या मतांवरूनच कळतं.

सगळ्यात जहाल मतं काकूंची. काकू म्हणजे पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, पूर्वी बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला असलेल्या. रहस्यकथा सोडून दुसरं काही वाचायचं नाही. फार तर तोंडी लावायला एखादी भूतकथा.

त्यांचं हे वेड कसं सुरू झालं ते त्यांनीच मला सांगितलं होतं. कारखान्यात छापलेले मोठे कागद यायचे, त्यांना घड्या घालून सोळा पानांचा एक गठ्ठा व्हायचा. त्याला फॉर्म म्हणतात. प्रत्येक बाईच्या टेबलावर एकच फॉर्म. "दिवसभर माझ्या हाताखालून एकच प्रेत जायचं गं," काकू म्हणायच्या. "घडी घालताना येताजाता चार ओळी वाचायच्या. बाईसाहेब जिन्याखाली मरून पडलेल्या. पण मारलं कुणी? ती पानं तिकडे खिडकीजवळच्या टेबलावर!" मग जेवणाच्या सुट्टीत बायका एकमेकींना विचारायच्या, तुझ्याकडे कोण पकडलं गेलं, माझ्याकडे तर नुसतंच प्रेम चाललंय. पण बायकांच्या सांगण्यावर काकूंचा भरवसा नव्हता. पुस्तक बाजारात आलं की त्या कामावरून सुटून थेट माझ्याकडे यायच्या आणि तेच अख्खं मागायच्या.

मत द्यायला सुरुवात केली की वरचं मशीनसुद्धा थांबावं असा आवाज. "गुप्तहेर एवढा शहाणा आहे तर मेला खून व्हायच्या आधी का येत नाही?" किंवा, "भूत भूत म्हणून दोनशे पानं पळवलं मला आणि शेवटी काय, तर दार वाऱ्याने वाजत होतं! मग वाऱ्यावरच पुस्तक लिहायचं होतं." एका नव्या लेखकाबद्दल म्हणाल्या, "प्रेत घरात पडलंय आणि ही दोघं बागेत गुलुगुलु बोलतायत. प्रेताची तरी लाज बाळगा." बसलेली माणसं गालावर हात धरून हसायची. ज्याची दाढ जास्त दुखत असेल तो कळवळून म्हणायचा, "काकू, हसवू नका हो."

मग काचबिंदूने काकूंची नजर नेली. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे, मग खिडकीतला उजेड तेवढा राहिला. मला वाटलं, संपलं. आणि एक दिवस पायऱ्या चढून काका आले.

काका म्हणजे त्यांचे यजमान. घरोघर फिरून पाण्याच्या मीटरचे आकडे घ्यायची नोकरी केलेले, म्हणून सगळे त्यांना मीटरकाका म्हणत. पुस्तकांच्या वाटेला जन्मात गेले नव्हते. आत येऊन हातातली टोपी दोन्ही हातांनी फिरवत उभे राहिले. "ताई, आयुष्यभर मी मीटर वाचले. आता ही म्हणते पुस्तक वाचा. एखादं बारीकसं द्या."

"बारीक खून की बारीक पुस्तक?"

"दोन्ही," म्हणाले बिचारे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काका वाचायचे आणि काकू ऐकायच्या. पुस्तक संपलं की काका ते परत आणायचे आणि नियमाप्रमाणे मत द्यायचे. मत अर्थात काकूंचं. घरून घोकून यायचे. टेबलासमोर ताठ उभे राहून सांगायचे, "ती म्हणते, हा लेखक नुसत्या पाट्या टाकतो. ती म्हणते, याच्यापेक्षा आमच्या बाइंडिंगच्या खळीला जास्त चव होती." आवाज अगदी मीटरचा आकडा सांगावा तसा सपाट. मला हसू आवरायचं नाही.

एकदा काका म्हणाले, "ती म्हणते, या पुस्तकातला एक फॉर्म गळालाय. बाइंडरने सोळा पानं खाल्ली. मालकाच्या पत्नीचं पत्र कुणाला सापडलं तेच नाही."

मी पुस्तक तिथल्या तिथे उघडून पाहिलं. पानांचे आकडे तपासले. पुस्तक धडधाकट होतं, आणि पत्र माळ्याला सापडतं हे चांगलं तीन पानं रंगवून लिहिलेलं होतं.

"काका, एकही पान गळालेलं नाही."

काकांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. इकडेतिकडे बघितलं, खुर्ची ओढून बसले. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पायऱ्या चढून आल्याला एवढा वेळ झाला तरी त्यांची छाती अजून वरखाली होतेय.

"मी गाळतो, ताई," ते हळूच म्हणाले. "श्वास पुरत नाही. एक प्रकरण वाचलं की पुढचं वाचवतच नाही. मग मधली पानं सोडतो. तिला दिसत नाही म्हणून..." खिशातून श्वासाचा पंप काढून दाखवला आणि परत ठेवला. डॉक्टरांकडे जात होते, पण घरी पत्ता नव्हता.

"काकूंना सांगून टाका ना सरळ."

"सांगितलं की ती वाचन बंद करेल. म्हणेल, तुमच्या जिवापेक्षा का खुनी मोठा आहे? मग संध्याकाळी आम्ही दोघांनी करायचं काय, भिंतीकडे बघत बसायचं? तिला तर भिंतही दिसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीही बोलू नका. शब्द द्या."

मी शब्द दिला. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, पण त्या दिवशी अळीमिळी गुपचिळी.

काकांनी पुढे यावर तोड काढली. गाळायचं तर होतंच, पण गाळल्याचं कळू द्यायचं नव्हतं. म्हणून सोडलेल्या पानांच्या जागी ते मनाने दोनचार वाक्यं जोडायला लागले. हे मला कसं कळलं? काकूंच्या मतांवरून! मतंच अशी यायला लागली की मी आ वासून ऐकायची.

"ती म्हणते, आजकालच्या रहस्यकथांत कुणाला फाशीच होत नाही. सगळे खुनी शेवटी रडतात आणि इन्स्पेक्टर त्यांना पाणी देतो."

आता त्या पुस्तकात शेवटी खुनी पुलावरून उडी मारतो. पाणी होतं, पण ते नदीचं.

आणि मग आला टपालवाला. "ती म्हणते, हे लेखक एकमेकांची चोरी करतात. प्रत्येकाच्या पुस्तकात तोच एक म्हातारा, जाडा टपालवाला. जिना चढतो, धापा टाकतो, कठड्याला धरून थांबतो, आणि मग काय ती बातमी सांगतो. ती म्हणते, साऱ्या जगाला टपालवाला एकच आहे का?"

मी टेबलावर डोकं टेकून हसले. अहो, त्यातल्या एकाही पुस्तकात टपालवाला नव्हता. काकांना वाचताना दम लागला की ते टपालवाल्याला जिन्यावर आणायचे. त्याच्या नावावर हवं तेवढं धापायचं, श्वास जागेवर आला की टपालवाला वर पोचायचा आणि गोष्ट पुढे सरकायची. मीटर वाचणाऱ्या माणसाला, ज्याचा जन्म लोकांचे जिने चढण्यात गेला, दुसरं काय सुचणार?

मी हसले, पण काका हसले नाहीत. "तिला आवडत नाहीये, ताई," म्हणाले. "पूर्वी कशी पुस्तकावर तुटून पडायची. आता रोज शिव्या. चांगल्या चांगल्या पुस्तकांची मी माती करतोय. तिचा जीव उडत चाललाय यावरचा." मी म्हटलं, काकू पूर्वीही शिव्याच घालायच्या, जित्याची खोड आहे ती. "तेव्हा लेखकाला घालायची," काका म्हणाले.

तरी नवं पुस्तक घेऊन गेलेच. जाताना विचारायचे, "यात एखादी बाई आहे का, जरा हुशार? तिला हुशार बायका आवडतात." नसली तर, मला वाटतं, घालत असावेत.

एकदा आले ते दारातच थांबले. बराच वेळ कठडा सोडलाच नाही. मग टेबलाशी येऊन नेहमीच्या सपाट आवाजात म्हणाले, "ती म्हणते, हा टपालवाला आता मेला तर बरं होईल. कंटाळा आला त्याच्या धापांचा."

काकांनी टोपी घातली, वरच्या फळीवरचं एक जाडसं पुस्तक मागून घेतलं आणि गेले. ते पुस्तक परत आलं नाही. काकाच गेले. दवाखान्यात नेलं, आणि तिथून घरी आलेच नाहीत.

थोडे दिवस जाऊ दिले आणि मग मी काकूंकडे गेले. त्यांची भाची दार उघडून आत चहा टाकायला गेली. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. एकीवर काकू बसल्या होत्या. मी दुसऱ्या खुर्चीकडे वळले तशा म्हणाल्या, "तिथे नको गं. स्टूल घे." मी स्टूल घेतलं.

"पुस्तक राहिलंय तुझं माझ्याकडे," म्हणाल्या आणि मांडीवरचं पुस्तक पुढे केलं. मध्ये काकांच्या दाढीच्या ब्लेडचं रिकामं पाकीट खूण म्हणून घातलेलं होतं.

"राहू दे हो काकू. घाई काय आहे?"

"नियम म्हणजे नियम. मत घे आधी." त्यांनी घसा खाकरला. "अर्धंच झालंय. पण इतकं सुंदर पुस्तक मी आजवर ऐकलेलं नाही. लेखकाच्या हाताला यश आहे. लिही कुठे लिहायचं ते."

मी म्हटलं, "काकू, कोणता लेखक?"

"उगाच वेड पांघरू नकोस. तुलाही माहीत आहे."

काकू हसल्या, पण ते हसू अर्ध्यातच सुकलं. "अगं, सोळा पानं गळाली तर मला नाही कळणार? पहिल्यांदा वाटलं बाइंडरची चूक. त्यांना पाठवलं तुझ्याकडे. परत आले ते इतके गोड बोलायला लागले की म्हटलं, दाल में कुछ काला. मग कान देऊन ऐकलं. हे प्रकरणच्या प्रकरण वाचतायत आणि पान एकदाही उलटत नाहीये! जन्मभर कागद हाताळलाय मी. पान उलटलेलं मला झोपेतही ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"का बोलू? मजा येत होती. या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी एक गोष्ट सांगितली नव्हती. आकडे सांगायचे नुसते. आणि आता रोज संध्याकाळी नवीन खून! मी शिव्या घातल्या की दुसऱ्या दिवशी आणखी रंगवायचे. म्हणून मुद्दाम घालायची. चांगलं म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, मला कळलंय म्हणून. मग लाजून थांबले असते." त्या थोडा वेळ नुसत्या पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "आणि तो टपालवाला. काय हुबेहूब धापा टाकायचे गं. मला वाटायचं नक्कल करतायत. मी म्हणायची, एवढे नकलाकार होतात तर नाटकात का नाही गेलात. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हा त्रास फार जुना असणार, घरी कुणाच्या लक्षात नाही आलं? माझ्या कानांना पान ऐकू येतं, आणि हे नाही आलं."

आतून भाचीने कपबशा मांडल्याचा आवाज आला. काकू पुढे वाकल्या. माझा हात शोधून धरला.

"एक सांग. माझी मतं तुझ्याकडे येऊन सांगायचे, तेव्हा हसायचे ना? मला वाटायचं, तिकडे जाऊन तुला टाळी देत असतील. म्हणत असतील, म्हातारीला कसं बनवलं."

टोपी फिरवत उभा असलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलेना. मी म्हटलं, "हो तर. खूप हसायचे. पोट धरून."

काकूंनी माझा हात सोडला नाही. नुसता घट्ट केला.

"एक फॉर्म गाळलास तू," म्हणाल्या.

मग मी सांगितलं. सगळं. पंप, दिलेला शब्द, चांगल्या पुस्तकांची माती करतोय म्हणाले होते ते, हुशार बाई आहे का विचारायचे ते. आणि काकूंनी विचारल्यावर, शेवटच्या मताच्या वेळी ते दारात कसे उभे होते तेही. मध्ये थांबले की म्हणायच्या, "पुढे." रडल्या नाहीत. मीच रडत होते.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," शेवटी काकू म्हणाल्या. "मेला तर बरं, म्हणाले मी. हसत हसत म्हणाले गं. लेखकाला म्हणाले. अख्ख्या जन्मात एक पुस्तक केलं त्या माणसाने, आणि मी रोज बसून ते झोडपलं. एकदा 'बरं आहे' म्हटलं असतं तर माझी जीभ झडणार होती का?"

चहा आला आणि तसाच गार झाला. भाची कप उचलून घेऊन गेली, तेव्हा काकू सावरून बसल्या. म्हणाल्या, "खूण आहे ना? तिथून पुढे वाच. टपालवाला जिन्यावर आहे. यावेळी पिशवीत कसलं तरी पत्र आहे, ते वाचलं की खुनी कळणार. पहिला मजला झाला, कठड्याला धरून थांबला, आणि हे म्हणाले, आज इतकंच, बाकीचं उद्या."

मी खुणेचं पान उघडलं. वाचायला लागले. गाडीतून दोन वकील उतरले होते आणि मृत्युपत्राबद्दल वाद घालत होते. मी वाचत राहिले. पान उलटलं.

"टपालवाला कुठंय?" काकूंनी विचारलं.

"काकू, या पुस्तकात टपालवाला नाहीये."

"ते माहीत आहे गं मला," त्या म्हणाल्या. "पण मग तो पोचला का वर?"

पोचला हो काकू, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांना गाळलेलं ऐकू येतं. मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.